दांड्याची जवारी

रविवारी सकाळी आमच्या रावेतच्या सोसायटीत लिफ्टमधून भाजीच्या पिशव्या उतरतात आणि त्यांच्यात एक गोल्फची पिशवी असते. ती वरच्या मजल्यावरच्या तरुण शेजाऱ्याची. चाकणच्या कारखान्यात नोकरी, वरचे साहेब जपानी, आणि साहेबांचा सुट्टीचा कार्यक्रम म्हणजे गोल्फ. साहेबांसाठी म्हणून हा शिकला आणि मग स्वतःच त्यात अडकला. गेल्या महिन्यात त्याने मला पार्किंगमध्ये गाठलं आणि मोबाइल पुढे केला.

"काका, तुमची सगळी नोकरी फोर्जिंगमध्ये गेली ना? मग हे बघा. जपानमध्ये हाताने घडवलेला सेट. दोन लाखांच्या पुढे जातोय. मोठ्या ब्रँडचा लाख-सव्वा लाखात येतो. वरचे पैसे कशाचे, ते तुम्ही सांगा."

फोटोत सात लोखंडी डोकी ओळीने मांडली होती, देवघरातल्या टाकांसारखी लखलखीत. मी गोल्फ खेळत नाही. पण लालबुंद गोळा दोन डायच्या मधे ठेवून वरून हॅमर पडला की काय होतं, ते तीस वर्षं पाहिलं आहे. त्यामुळे 'फोर्ज्ड' आणि 'हाताने घडवलेलं' हे दोन शब्द शेजारीशेजारी दिसले की माझ्या भुवया वर जातात. त्याला म्हटलं, "थांब. आधी हा दांडा कुठल्या घराण्यातला ते बघू, किमतीचं मग."

मी दांडा म्हणतो, कारण क्लब म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बिलियर्डचं टेबल येतं. मैदानावरचे कॅडी स्टिक म्हणतात. नाव काहीही असो, या घराण्याच्या वंशावळीत अगदी वर एक बंदीहुकूम आहे. 1457 साली स्कॉटलंडच्या दुसऱ्या जेम्स राजाच्या काळात गोल्फ आणि फुटबॉल या दोन्ही खेळांना मनाई झाली. लोक खेळात रमतात आणि तिरंदाजीचा सराव राहून जातो, ही तक्रार. पुढे 1502 मध्ये त्याच राजाच्या नातवाने, चौथ्या जेम्सने, पर्थ गावातून गोल्फचे दांडे विकत घेतले. विकणारा कोण, तर धनुष्यं करणारा कारागीर. 1603 मध्ये सहाव्या जेम्सने आपल्यासाठी दांडे करायला एडिंबरोच्या विल्यम मेन याला नेमलं, तोही धनुष्यकारच. ज्या धनुष्यासाठी खेळ बंद केला, त्या धनुष्याच्याच कारखान्यात खेळाचा दांडा घडला.

आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मिरजेच्या शिकलगारांचं हत्यारांचं काम ओसरलं, तेव्हा त्यांच्यातले फरीदसाहेब तंतुवाद्यांकडे वळले. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याची मुळं त्या हत्यारांच्या गल्लीत आहेत. लाकूड कुठवर वाकेल, कुठे चिरेल, धातूला कितपत घासावं हे ज्या बोटांना कळतं, ती बोटं रिकामी बसत नाहीत. मिरजेकडे मी पुन्हा येणार आहे, कारण माझ्या शेजाऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथेच सापडलं.

सुरुवातीचा दांडा जवळजवळ सगळा लाकडी होता. डोकं सफरचंदाच्या, नासपतीच्या किंवा काटेरी झाडाच्या घट्ट लाकडाचं, दांडी अ‍ॅशची किंवा हेझलची. दोघांना तिरपी कलम करून सरसाने चिकटवायचं आणि वरून डांबर लावलेला दोरा गुंडाळायचा. डोक्याच्या पाठीत वजनाला शिसं ओतायचं आणि तळाला मेंढ्याच्या शिंगाची पट्टी बसवायची. सेंट अँड्र्यूजचा ह्यू फिल्प हा या कामातला सर्वांत नावाजलेला कारागीर. मूळचा सुतार, 1819 मध्ये तिथल्या गोल्फमंडळाने त्याला आपला दांडेकार नेमला आणि 1856 मध्ये तो वारला. त्याच्या दांड्यांचा लौकिक एवढा की पुढे त्याच्या नावाचा शिक्का मारलेले नकली दांडे बाजारात आले. हाताच्या कामाला जादा भाव आणि त्या भावापाठोपाठ नक्कल, ही जोडी तेव्हापासूनची आहे.

फिल्पच्या काळातला चेंडूही हातचाच. चामड्याच्या लहानशा पिशवीत हॅटभर पिसं ठासून भरायची आणि तोंड शिवायचं. कसलेला माणूसही दिवसाला तीन-चारच चेंडू करी, म्हणून चेंडू महाग. लोखंडी दांड्याचा फटका चुकला की हे चामडं फाटे. त्यामुळे लोखंडी दांडा पिशवीत असला तरी एखादाच, चाकोरीत किंवा दगडांत अडकलेला चेंडू काढण्यापुरता.

हे चित्र एका झाडाच्या चिकाने पालटलं. 1848 च्या सुमारास मलाया भागातल्या गटापर्चा नावाच्या चिकाचे चेंडू आले. स्वस्त, टणक, पावसात न भिजणारे. आता चेंडू फाटेना, पण त्याच्या टणकपणाने नाजूक लाकडी डोकी तडकू लागली. लोखंडाची भीती संपली आणि सुताराच्या शेजारी लोहार येऊन बसला. वेगवेगळ्या उताराची, वेगवेगळ्या वजनाची लोखंडी डोकी ऐरणीवर घडू लागली. त्यांना नावंही घरातल्या माणसांसारखी मिळाली: क्लीक, मॅशी, निब्लिक. या घराण्यात प्रत्येक मोठा बदल असाच झालेला दिसतो. चेंडू बदलतो किंवा माल बदलतो, आणि दांडेकाराला आपलं दुकान नव्याने मांडावं लागतं.

तोवर हा खेळ जहाजात बसून आपल्याकडे पोहोचला होता. कोलकात्याचा गोल्फ क्लब 1829 चा, ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना. मुंबईत 1842 मध्ये क्लब निघाला. साहेब खेळायचे आणि इथली पोरं त्यांच्या पिशव्या वाहायची. ही दुसरी ओळही लक्षात ठेवावी लागेल.

गटापर्चाला 1898 मध्ये उत्तर मिळालं. अमेरिकेत कोबर्न हॅस्केलने ताणलेला रबराचा दोरा गुंडाळून चेंडू केला आणि तो पहिल्यापेक्षा लांब जाऊ लागला. दांडीसाठी एव्हाना अमेरिकेचं हिकरी लाकूड रूढ झालं होतं. चिवट आणि लवचीक, पण प्रत्येक तुकडा वेगळा, आणि दमट हवेत वाकणारा. एक दांडी जरा ताठ, दुसरी जरा पिळणारी. खेळाडूने दुकानात जायचं, वीस दांडे हातात घेऊन झुलवायचे आणि हाताला पटतील ते निवडायचे. कारागीर समोर उभा. तो माणसाची उंची बघे, मनगट बघे, मग रंधा मारे. कस्टम हा शब्द कुणी उच्चारत नव्हतं, कारण मापाने करून न दिलेला दांडा फारसा नव्हताच.

बॉबी जोन्सने 1930 मध्ये एकाच वर्षात त्या काळच्या चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या, त्या हिकरीच्याच दांड्यांनी. त्याच्याबद्दल एक गोष्ट सांगतात. पुढे त्याचे दांडे वजनकाट्यावर तपासले, तर सगळे एकमेकांशी जुळलेले निघाले, फक्त एक सोडून. आणि तो एक दांडा त्याला कायम त्रास देत आलेला. आख्यायिका असेल, पण कारखान्यात ज्याने एखाद्या जुन्या फिटरचा हात पाहिला आहे, त्याला ती खरी वाटेल. यंत्राने मोजण्याआधी मोजमाप होतं. ते हातात होतं.

मग पोलादी नळी आली. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने तिला 1924 मध्ये मान्यता दिली. सेंट अँड्र्यूजचे लोक 1929 पर्यंत अडून बसले. त्या वर्षी प्रिन्स ऑफ वेल्सच पोलादी दांडे घेऊन तिथे खेळायला उतरला, तेव्हा त्यांना दार उघडणं भाग पडलं. पोलादी नळीचं वैशिष्ट्य लांब फटका नव्हतं. पहिली नळी आणि हजारावी नळी सारखी, हे तिचं वैशिष्ट्य. एकदा सारखेपणा आला की नावं गळतात आणि नंबर येतात. मॅशी-निब्लिक जाऊन पाच नंबर, सात नंबर आले, आमच्याकडे पार्टला ड्रॉइंग नंबर येतो तसे. सेट विकले जाऊ लागले, पिशव्या फुगल्या, आणि 1938 मध्ये अमेरिकेला जास्तीत जास्त चौदा दांड्यांची मर्यादा घालावी लागली.

या टप्प्यावर एक गोष्ट हरवली आणि तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. कारखान्याने दांडा सारखा केला, माणसं मात्र सारखी नव्हती. सहा फुटी आणि सव्वापाच फुटी, दोघांना एकच सात नंबर मिळू लागला.

ही चूक सुधारली ती एका इंजिनिअरने. कार्स्टन सॉल्हाइम हा जनरल इलेक्ट्रिकमध्ये नोकरीला होता. 1959 मध्ये त्याने घरच्या गॅरेजमध्ये एक पटर, म्हणजे चेंडू होलमध्ये ढकलायचा दांडा, केला. फटका लागला की त्यातून 'पिंग' असा आवाज येई, तेच कंपनीचं नाव झालं. त्याची युक्ती साधी होती: वजन मधे न ठेवता कडेला न्यायचं. दोरीवर चालणारी डोंबाऱ्याची पोर आडवा बांबू धरते, त्यातलंच हे शास्त्र. वजन टोकांना असलं की चेंडू मध्याच्या बाहेर लागला तरी डोकं कमी पिळतं. पुढे त्याने लोखंडी दांडेही असेच केले. मेणाचा नमुना, त्याभोवती साचा, मेण वितळवून बाहेर आणि धातू आत. म्हणजे आपल्या मूर्तिकारांची जुनी पद्धत. 1970 च्या दशकात त्याने डोक्यावर रंगीत ठिपके द्यायला सुरुवात केली. खेळाडूच्या उंचीवरून आणि हातांच्या लांबीवरून रंग ठरे. त्या रंगाचा दांडा तेवढ्या अंशाने उभा किंवा आडवा. फिल्प जे नजरेने करायचा, ते आता तक्ता करू लागला.

लाकडी डोकीही गेली. 1979 मध्ये टेलरमेडने पोलादी डोक्याचा 'वुड' आणला. 1991 मध्ये कॅलवेचा बिग बर्था आला, पहिल्या महायुद्धातल्या जर्मन तोफेचं नाव घेऊन. 1993 मध्ये बर्नहार्ड लँगरने मास्टर्स जिंकली, ती लाकडी डोक्याच्या ड्रायव्हरने, म्हणजे लांब फटक्याच्या दांड्याने, जिंकलेली शेवटची मोठी स्पर्धा. त्यानंतर टायटॅनियम, आणि आज बहुतेक ब्रँडची डोकी तैवानी कंपन्यांच्या कारखान्यांत ओतली जातात. ओतीव आणि घडीव यांच्यातला 'फोर्ज्ड' हा शब्द खरा चढा झाला तो इथे. सगळं जग ओतीव झालं, तेव्हा घडीव हे खानदानी ठरलं.

आता शेजाऱ्याच्या मोबाइलमधला फोटो. जपानमध्ये या कामाची दोन नावाजलेली ठिकाणं आहेत. एक हिमेजीजवळचं इचिकावा, तलवारी घडवणाऱ्यांच्या परंपरेचा मुलूख. दुसरं निगाता प्रांतातलं त्सुबामे, धातूच्या चमच्या-काट्यांसाठी प्रसिद्ध. काम उत्तम आहे, यात शंका नाही. पण हाताने म्हणजे काय, ते उघड सांगितलं पाहिजे. तिथेही मऊ पोलादाची सळई भट्टीत तापते, डायमध्ये ठेवली जाते आणि वरून हॅमर किंवा प्रेस येते. कडेने फ्लॅश बाहेर येतो, तो ट्रिमिंगमध्ये कापला जातो. मुंढव्याला 1960 च्या दशकापासून क्रँकशाफ्ट अशाच घडत आल्या आहेत, आणि भोसरी-चाकणला शेकडो पार्ट असेच घडतात. ऐरणीवर घण मारणारा म्हातारा फक्त जाहिरातीत असतो.

हात येतो तो त्यानंतर. फोर्जिंगमधून डोकं मुद्दाम जरा जड काढतात. मग ग्राइंडर दगडावर धरून ते उतरवतो: काही ग्रॅम इथून, जरा तळाची कड गोल, जरा पाठ सपाट. पुन्हा काट्यावर, पुन्हा दगडावर. हे काम मी जवळून पाहिलं आहे, आणि चांगल्या ग्राइंडरला पगार किती द्यावा हे कुठल्याही एचआरला कळत नाही, हेही पाहिलं आहे. वेज म्हणजे वाळूतून, गवतातून चेंडू वर उचलायचा दांडा. जमिनीतून सरकणारा त्याचा तळ अशा हाताने घासला असेल तर खेळाडूला फरक पडतो, कारण वाळू आणि गवत प्रत्येक मैदानावर वेगळं असतं.

बाकीच्या दाव्यांवर मात्र मी फुली मारली. एक म्हणजे ग्रेन फ्लो. घडीव पोलादात कणांची रेघ आकाराप्रमाणे वळते, हे खरं. क्रँकशाफ्टला ती लागते, कारण ती लाखो फेरे पिळवटत राहते. गोल्फचा चेंडू 46 ग्रॅमपेक्षा कमी वजनाचा. त्याने सात नंबरच्या पावशेराहून थोड्या जड डोक्याला कसला थकवा येणार? दुसरा दावा फीलचा, म्हणजे लोण्यासारखा फटका. चेंडू आणि डोकं एकमेकांना टेकलेले असतात ते सेकंदाच्या साधारण दोन हजाराव्या भागापुरते. दांडीतून झिणझिणी तळहातापर्यंत पोहोचते तेव्हा चेंडू निघून गेलेला असतो. तो फील खोटा नाही. फटका कसा बसला ते तो नंतर सांगतो, आणि त्यातलं बरंचसं कानाने सांगतो. चांगला आवाज ऐकायला पैसे मोजणं मला मान्य आहे. फक्त तो फटक्याचा खर्च आहे असं समजू नये.

घडीव दांड्याचा एक गुण मात्र खरा, आणि जाहिरातीत तो क्वचितच असतो: मऊ पोलाद वाकतं. मानेत धरून दांडीचा कोन एक-दोन अंश बदलता येतो. बरंचसं ओतीव स्टेनलेस स्टील इतकं कडक असतं की ते सहज ऐकत नाही. म्हणजे घडीव लोखंडाची खरी थोरवी ते कुणी घडवलं यात नाही. ते नंतरही तुमच्याकडे वळायला तयार असतं, यात आहे.

इथे मिरज. तंबोरा कितीही नामांकित घरातून आणा, घरी आणल्यावर तो लगेच गात नाही. घोडीवरून तार जिथे उठते, तो पृष्ठभाग कानसेने अगदी हलका घासून जवारी काढावी लागते. पुरुषाचा स्वर वेगळा, बाईचा वेगळा, म्हणून तंबोऱ्याचा आकारही वेगळा. जवारी बिघडली तर लाखाचा तंबोरा ठक्क वाजतो. बसली तर साधा तंबोराही खोली भरून टाकतो. गायक भोपळ्याचे पैसे एकदा देतो, जवारीवाल्याला जन्मभर बोलावतो. गोल्फच्या दांड्याची जवारी म्हणजे त्याची लांबी, दांडीचा ताठपणा आणि तो कोन.

आणि जवारीला लाख रुपये लागत नाहीत, याचा सर्वांत चांगला पुरावा महाराष्ट्रातच आहे. चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब 1927 पासून आहे. तिथे पिशव्या वाहणारी आजूबाजूच्या वस्तीतली पोरं आपल्या गल्ल्यांमध्ये स्वतःचा गोल्फ खेळू लागली. बांधकामाची सळई वाकवून डोकं, वर रबरी नळीची मूठ आणि प्लॅस्टिकचा चेंडू. होल म्हणजे गल्लीतली एखादी ठरलेली जागा. जगात हाताने घडवलेल्या गोल्फच्या दांड्यांचा इतिहास लिहायचा तर फिल्पनंतर या सळईला एक पान दिलं पाहिजे. लहानपणी आपण दांडू तासायचो तसं हे: हाताला बसेपर्यंत तासायचं, नाही बसला तर दुसरी फांदी. त्या पोराच्या सळईत शिसं नाही, शिंग नाही, कारागिराचा शिक्का नाही. पण ती त्याच्या उंचीला वाकवलेली आहे.

हे सगळं शेजाऱ्याला एका बैठकीत सांगता आलं नाही. त्याला ते तीन रविवारी मिळून ऐकावं लागलं. तिसऱ्या रविवारी मी त्याला जुना सात नंबर घेऊन गच्चीवर बोलावलं. डोक्याच्या तळाला मास्किंग टेप लावली, प्लायचा तुकडा जमिनीवर ठेवला आणि चेंबूरसारखाच प्लॅस्टिकचा चेंडू दिला. त्याने पाच फटके मारले. टेपवर घासल्याची खूण मधे यायला हवी होती. ती पाचही वेळा टाचेकडे, म्हणजे दांडीच्या बाजूला आली. दांडा त्याला जास्त उभा होता, टोक वर राहत होतं.

"तुझा चेंडू डावीकडे जातो का रे?"

"कायमच. कोच म्हणतात, मनगट चुकतंय."

"मनगटाचं मला माहीत नाही. तू बुटका आहेस, आणि हा दांडा उंच माणसासाठी बेतलाय."

तो हसला. सेट सुदैवाने घडीव लोखंडाचाच होता. कोर्सवरच्या ओळखीतून एकाकडे कोन वाकवायचं यंत्र मिळालं. सातही दांडे दोन-दोन अंश आडवे करून आणले. सगळा खर्च, त्याच्याच शब्दांत, साहेबांबरोबरच्या एका रविवारच्या जेवणापेक्षा कमी. चेंडू आता डावीकडे कमी जातो. पूर्ण थांबलेला नाही, म्हणजे कोचच्या म्हणण्यातही काही तथ्य असावं.

मग जपानचे वरचे पैसे कशाचे? त्याने पुन्हा विचारलं, कारण फोटो अजून मोबाइलमध्ये होता. मी त्याला हिशेब असा मांडून दिला: मापासाठी असतील तर आत्ता देऊ नकोस, ते काम झालं. वेजच्या तळासाठी असतील तर एक वेज घे. तिथे ग्राइंडरचा हात खरंच खेळतो. आणि पिशवी उघडताना बघत राहावंसं वाटतं म्हणून असतील, तर तो तुझ्या खिशाचा प्रश्न आहे. त्याला फोर्जिंगचं नाव देऊन माझी सही मागू नकोस.

त्याने एक वेज मागवली. आली तेव्हा आधी माझ्याकडे घेऊन आला. मी चष्मा लावला, तळावरून अंगठा फिरवला. टाचेकडची कड इतकी हळुवार उतरवली होती की कुठे दगड थांबला आणि कुठे बफ सुरू झाला, ते बोटाला सांगता येईना. आमच्या ग्राइंडिंग सेक्शनमध्ये असा हात असलेला एकच माणूस होता. मी ती वेज जरा जास्तच वेळ हातात धरली असावी, कारण शेजारी म्हणाला, "काका, आता परत द्या."

मी दिली. मग म्हटलं, "खेळायच्या आधी गच्चीवर ये. टेप लावून बघू."